तळघरातले तीन खांब

ओर्तिजा, २१ जानेवारी १९९१

कोराडो,

फोनवर माझा आवाज ऐकला की तू रिसिव्हर ठेवतोस. पत्राचं तसं नसतं. फाडायचं ठरवलंस तरी आधी दोन ओळी डोळ्यांखालून जातात, आणि दोन ओळींवर थांबणारा माणूस तू नव्हेस. म्हणून लिहिते आहे.

आम्ही जिवंत आहोत. डिसेंबरात गावची राखण करणाऱ्या सान्ता लुचियाच्या सणालाच जमीन हलली, कार्लेन्तीनीत माणसं गेली, हे तुमच्या तोरिनोच्या टीव्हीवर दाखवलंच असेल. तू विचारपूस केली नाहीस. असो. आमच्या गल्लीत कुणाचं घर पडलं नाही, भिंतींना भेगा तेवढ्या गेल्या. पण लोकांची कंबर मोडली. अर्धी गल्ली पूल ओलांडून पलीकडच्या नव्या फ्लॅटांत राहायला गेली. उरलेल्यांनी एक नियम केला आहे. ‘भूकंप’ अशी आरोळी कानावर आली की हातातलं टाकायचं आणि समुद्राकाठच्या मोकळ्या जागेत पळायचं. ही आरोळी थट्टेत कुणी द्यायची नाही. समोरच्या चेत्तिनाच्या नातवाने नवीन वर्षाच्या दिवशी दिली. जेवणं टाकून सगळे धावले, आणि चेत्तिनाने स्वतःच्या नातवाला अशी थोबाडीत दिली की पोराच्या गालावर पाची बोटं उमटली.

खरं कारण सांगते. तुझ्या इलारियाचं मला पत्र आलं. तिचा वर्ग एप्रिलमध्ये कातानियाला उतरणार आहे. त्यातला एक दिवस सिराकूझासाठी ठेवलाय, सकाळी ग्रीकांचे अवशेष, दुपारी आमचं बेट. ‘आत्या, तुम्ही मला ओळखाल का?’ असं लिहिलंय तिने. दहा वर्षांची असताना आजोबांच्या अंत्यविधीला आली होती ती. आता सतरा वर्षांची घोडी झाली असेल. नाक आपलं असलं तर ओळखेन, तिच्या आईचं असलं तर कठीण आहे. पप्पांनी फक्त कॉफीपुरती परवानगी दिलीये म्हणते. कॉफीपुरती! सख्ख्या आत्याकडे! तोरिनोचं पाणी तुला चांगलंच लागलंय.

लिबोरिओ ऐकून आनंदाने वेडा झाला आहे. आम्हा दोन भावांचं भांडण असलं तरी पोरीने काय केलंय, असं तोच म्हणाला. त्याचा मासळीचा गाळा बसल्यासारखाच आहे. गिऱ्हाइकंच बेट सोडून गेली तर मासे खाणार कोण? सध्या वेळ जायला म्हणून तळघरात जरा डागडुजी करतोय. विशेष काही नाही.

वेनेरा


ओर्तिजा, २० मार्च

कोराडो,

तुझं उत्तर नाही. तरी बरं, मी उत्तराच्या आशेवर शिवणाची मशीन बंद ठेवत नाही.

काल सान ज्युझेप्पेचा सण. लिबोरिओने गल्लीतल्या पाचपन्नास लोकांना वाटाण्याचं सूप वाढलं आणि सगळ्यांदेखत जाहीर केलं की तळघरात तो खाणावळ काढणार. नावसुद्धा ठरलंय, ‘ग्रीकांच्या घरी’. आणि पहिलं जेवण कुणाला? इलारियाच्या अख्ख्या वर्गाला! तिच्या बेर्तोलिनो बाईंना त्याने परस्पर फोन करून आमंत्रण देऊनही टाकलं. माझ्याशी बोलला नाही. माझ्याशी बोलायची या घरात पद्धतच नाही, हे तू जाणतोस.

“तोरिनोची पोरं पुस्तकात ग्रीक शिकतात,” तो म्हणतो. “मी त्यांना ग्रीकांच्या खांबाला टेकून शिंपल्यांचा पास्ता खायला घालीन. जाऊन बापांना सांगतील.”

बापांना म्हणजे तुला. तुला दाखवायचं आहे त्याला, बाकी काही नाही. त्रेसष्ट वर्षांचा झाला तरी धाकट्या भावाला हरवायची त्याची हौस गेली नाही.

घरात धूळ फार झाली आहे. कॉफीत पांढरी पूड तरंगते. स्वयंपाकघराचं दार आठवतं तुला? आई असल्यापासून उचलून लावावं लागायचं. या महिन्यात ते आपलं आपण लागतं. परवा मी पाठमोरी होते आणि ते अलगद येऊन बंद झालं. लिबोरिओला सांगितलं तर खूश झाला. “बघ, घर जागेवर बसतंय!” ताटाळ्यातल्या बशा दुपारी किणकिणतात, गल्ली झोपलेली असते तेव्हा. तो तेव्हाच खाली काम करतो, खाली काय निघतंय याचा शेजाऱ्यांना पत्ता लागू नये म्हणून. पुरातत्त्ववाल्यांची धास्ती इथे भूकंपाहून मोठी आहे. ग्रीक दगड सापडला तर आधी दार लाव आणि मग मेणबत्ती, असं बाबा म्हणायचे. एकदा का त्यांना कळलं की घराला कुलूप, आणि तुम्ही नातवंडांच्या लग्नापर्यंत भाड्याच्या खोलीत.

खाली तो चुना लावतोय. तेवढंच.

वेनेरा


ओर्तिजा, ५ एप्रिल

कोराडो,

सात वर्षांत तुझं पहिलं पत्र आलं, आणि त्यात एकच ओळ. ‘भिंतीला हात लावलाय का?’ ना ‘ताई’, ना ‘कशी आहेस’.

हो. लावलाय.

फेब्रुवारीत सुरू केलं. मी तुझ्यापासून लपवलं, कारण तू काय म्हणशील ते मला पाठ आहे. बाबांच्या अंत्यविधीच्या दिवशी जेवणाच्या टेबलावर तू तेच म्हणाला होतास, काटा खाली ठेवून. खालचे तीन ग्रीक खांब बाबांनी युद्धात भिंत बांधून बुजवले. ती भिंत खांब लपवण्यासाठी नाही, खांब उभे राहण्यासाठी आहे, असं तू म्हणालास. लिबोरिओ म्हणाला, उंटावरचा शहाणा आला तोरिनोहून. मग तू पुरातत्त्व खात्याचं नाव काढलंस, त्याने तुला चहाडखोर म्हटलं, आणि तू पानावरून उठलास. मी तेव्हा माशाचे काटे काढत होते. कुणाचीच बाजू घेतली नाही, अजूनही घेत नाही.

पण भिंत आता अर्ध्याहून जास्त गेली आहे. पोत्यांत भरून तो ती थोडी थोडी समुद्रात टाकतो. दोन खांब पूर्ण मोकळे झालेत. तुला खरं सांगू? सुंदर दिसतात रे. मधासारखा रंग आहे. दिवा लावला की आपण इतकी वर्षं यांच्या डोक्यावर राहून भांडी घासली याची लाज वाटते. मी खाली उभी राहून रडले. मग वर पाहिलं.

छताला भेग गेली आहे, हात आत जाईल एवढी. लिबोरिओने तिच्यावर काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवली होती, डिसेंबरनंतर सगळ्यांनी लावल्या तशी. काच फुटली तर भिंत सरकते आहे असं समजायचं. मी बघितलं तेव्हा काच नवी कोरी होती, आणि खाली कोपऱ्यात झाडूने लोटलेले तुकडे होते.

“लिबोरिओ, ही कितवी काच?”

“धक्का लागतो कामात. फुटते.”

“म्हणून बदलत बसलास?”

“वेनेरा, ग्रीकांनी बांधलंय हे. सोळाशे त्र्याण्णवच्या भूकंपात अख्खं बेट पडलं, हे नाही पडलं. बाबांनी चार विटा रचल्या त्या यांना धरून होत्या म्हणतेस? बाबांना कोंबड्यांचं खुराडं धड बांधता येत नव्हतं!”

खुराड्याचं खरं आहे. मला हसू आलं, आणि तो जिंकला. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय. पण बापाची थट्टा करताना तो हातोड्याकडे बघत होता, माझ्याकडे नाही.

तू रागावू नकोस. निदान कळव, काय करायचं ते.

वेनेरा


ओर्तिजा, १५ एप्रिल

कोराडो,

तुझं पत्र आज आलं आणि दार लावून मी ते तीनदा वाचलं. तू अग्निशमनवाल्यांना आणि पुरातत्त्वाला दोघांना कळवणार, घर त्याच दिवशी रिकामं करायला लावणार. टेकू लावल्याशिवाय कुणी खाली उतरू नये, असं तू ठळक लिहिलं आहेस, आणि खाली दोनदा रेघ ओढली आहेस.

हात जोडते. थांब.

तू तिथून फोन करशील आणि इथे वर्दीतली माणसं दारात उभी राहतील. गल्लीला कळेल, सख्ख्या भावाने भावाला पकडून दिलं. लिबोरिओने आयुष्यात काही कमावलं असेल तर या गल्लीतलं नाव. तो गाळ्यावर गेला नाही तर लोक विचारायला येतात. त्याचं नाव गेलं तर तो उभा राहणार नाही, हे मी तुला लिहून देते. आणि तुम्ही दोघं मग मेल्यावरच भेटाल.

फक्त तेवीस तारीख जाऊ दे. पोरं येतील, जातील. इलारिया तळघराची पायरी उतरणार नाही, ही जबाबदारी माझी. वर्गातलं एकही पोर उतरणार नाही. कसं ते मी बघते. तेवीसनंतर मी स्वतः लिबोरिओला टेकू लावायला लावते, नाही लावले तर तू खुशाल कर फोन, मी अडवणार नाही. इलारियाला येऊ नको म्हणू नकोस. तिला कारण सांगितलंस तर ती पहिली धावत तळघरातच जाईल. आपल्या घरातली आहे ती.

काल तिसऱ्या खांबाचं काम झालं. त्याने मला बोलावून दाखवलं. आता भिंत म्हणून काही उरलं नाही. टेबलं मांडलीत, निळे टेबलक्लॉथ मीच शिवले. तू मला मूर्ख म्हणशील. पण तो म्हणाला ‘शिव’ आणि मी शिवले. नाही म्हणायची सवय लागायला जन्म जातो.

दुपारी आता किणकिण ऐकू येत नाही. घर अगदी शांत झालंय. हे चांगलं की वाईट, ते तुला जास्त कळेल.

वेनेरा


चेत्तिनाच्या घरून, २५ एप्रिल

कोराडो,

तू गाडीत बसल्याचं इलारियाने सांगितलं. हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. स्टेशनवर तुझ्या हातात देईन, कारण हे मला तोंडाने बोलता यायचं नाही. मला मिठी मारायच्या आधी वाच.

तुझ्या लेकीला खरचटलंसुद्धा नाही. ती या घटकेला चेत्तिनाच्या पलंगावर झोपली आहे, तोंड उघडं टाकून, तू झोपायचास तशी. नाक आपलंच आहे.

त्या दिवशी सकाळी मी तिला अवशेषांच्या फाटकावरच गाठलं. बसमधून उतरली आणि सरळ गळ्यात पडली, “आत्या, तुमचा फोटो होता पप्पांच्या ड्रॉवरमध्ये!” तुझ्या ड्रॉवरमध्ये माझा फोटो आहे हे मला तेव्हा कळलं.

मी वर्गाबरोबर हिंडले. थिएटरच्या दगडी पायऱ्या, पोरांचा आरडाओरडा, कुणी खाली उभं राहून नाटकातलं काहीतरी म्हणतंय आणि वरच्या ओळीतली पोरं शिट्ट्या मारताहेत. मग दगडांच्या जुन्या खाणींत, आताच्या बागेत, उतरलो. लहानपणी आपण तिथे संत्री चोरायला जायचो. ‘दियोनिसिओचा कान’ म्हणतात त्या गुहेत पोरांनी एकमेकांची नावं ओरडून घुमवली. इलारियाने ‘कोराडो’ म्हणून हाक मारली. तुझं नाव त्या गुहेतून असं मोठं होऊन परत आलं की मी बाहेर पडले.

बाहेर बेर्तोलिनो बाई समजावत होत्या. बारीक चणीच्या, चष्मेवाल्या, पण आवाज खणखणीत. “मुलांनो, तुम्ही उभे आहात ही बाग नव्हती. हे सगळं छताखाली होतं. ग्रीकांनी दगड काढताना छत पेलायला मधे खांब ठेवले होते. भूकंपात छत आलं खाली. तो बघा, एक खांब राहिलाय.”

लिंबाच्या झाडांमधे तो एकटा खांब उभा होता, डोक्यावर काही नाही. जन्मभर पाहिलाय मी तो. आपण त्याच्या सावलीत संत्री सोलायचो. ग्रीकांचं पडत नाही, असं लिबोरिओ म्हणतो. मी पायांखाली पाहिलं. आम्ही सगळे पडलेल्या छतावर उभे होतो.

बसमध्ये, पूल ओलांडताना, मी बाईंच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, “बाई, जेवणाचं रद्द करा. भावाने आणलेले शिंपले खराब निघालेत. त्याला माहीत नाही, पण मला वास आला. पोरं आजारी पडतील.”

कोराडो, तीस वर्षं मासे विकणाऱ्या माणसाबद्दल मी हे बोलले. छत पडेल म्हणायला हवं होतं. पण छत म्हटलं असतं तर बाईंनी पोलिसांना कळवलं असतं. शिंपले म्हटल्यावर फक्त त्याची अब्रू जाणार होती. मला तेव्हा ते स्वस्त वाटलं.

बाईंनी माझा हात दाबला, किती आभार मानले. पोरांनी कॅथेड्रलच्या चौकात बसून ब्रेड आणि चीज खाल्लं. मी इलारियाला घेऊन कॅथेड्रलमध्ये गेले. तिथे भिंतीतून बाहेर डोकावणाऱ्या ग्रीक खांबाला तिने हात लावला आणि म्हणाली, “हा तिरका आहे. पप्पा म्हणतात, मधली भिंत काढली तर हे सगळं चौकात येईल.” मी म्हटलं, तुझे पप्पा फार बोलतात. काकांना कधी भेटायचं, असं तिने दोनदा विचारलं. मी म्हटलं, काका गावाला गेलेत.

बाहेर आलो तर काका चौकात उभे.

पांढरा एप्रन, नवी टोपी. दाढी घोटून केलेली. वाट बघून बघून पाहुण्यांना शोधायला निघाला होता. मी पोचायच्या आत बेर्तोलिनो बाई त्याच्याशी बोलत होत्या. “मनाला लावून घेऊ नका. शिंपल्यांचं होतं असं कधीकधी. तुमच्या बहिणीने वेळेवर सांगितलं म्हणून.” आजूबाजूला मासळीबाजारातले दोघंतिघं होते. त्यांनी ऐकलं.

लिबोरिओने माझ्याकडे बघितलं. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. मग तो इलारियाकडे वळला, दोन्ही हातांत तिचा चेहरा धरला.

“तू कोराडोची. सांगायला नको. चल पोरी, आजोबांच्या घरात एक घास तरी खा. शिंपले नको खाऊस. ब्रेड खा.”

“नको,” मी म्हटलं. “बस सुटेल.”

“बस चार वाजता आहे, आत्या,” इलारिया म्हणाली, आणि त्याचा हात धरला.

मी मागून चालत गेले. गल्लीत त्याने एकदाच मान वळवली. “एवढं कशाला केलंस, वेनेरा? माझं हसं व्हावं म्हणून?” मी म्हटलं, खाली नको नेऊस तिला. तो इलारियाला म्हणाला, “डिसेंबरपासून तुझी आत्या स्वतःच्या सावलीलाही टेकू लावते.” ती हसली. मी त्या दोघांच्या आधी दारात जाऊन आडवी उभी राहिले. त्याने मला खांद्याला धरून बाजूला केलं, अगदी हळू, वाटेतली खुर्ची सरकवावी तसं. ती त्याच्या मागोमाग उतरली.

मी जिन्याच्या तोंडाशी राहिले. खाली सगळे दिवे लावलेले. निळी टेबलं, प्रत्येक बशीवर घडी घातलेला रुमाल, मागे शेगडीवर सॉस उकळत होता. इलारिया म्हणाली, “बापरे, काका!” आणि पहिल्या खांबाला मिठी मारायला गेली. तिच्या मागच्या टेबलावर, निळ्या कापडावर, वरून वाळू पडत होती. बारीक धार, चाळणीतून पीठ गळतं तशी. ती थांबली. पुन्हा सुरू झाली. लिबोरिओनेही ती पाहिली. पाहिली आणि हाताने झटकली, पाहुण्यांसमोर टेबल पुसतात तसं.

मी वळून दारात आले आणि जेवढा श्वास होता तेवढ्याने ओरडले, “भूकंप!”

गल्ली उसळली. चेत्तिना हातात कढई घेऊन बाहेर, वरच्या मजल्यावरचा म्हातारा पायजम्यात, मुलं, कुत्री. आणि जिन्यावरून आधी इलारिया, मग लिबोरिओ, तिला पुढे ढकलत, तिच्या डोक्यावर आपला हात धरून. एवढं लक्षात ठेव, कोराडो. तो आधी स्वतः पळाला नाही.

आम्ही सगळे समुद्राकाठी उभे राहिलो. जमीन हलली नव्हती. दिव्याच्या तारा सरळ होत्या, पाणी सपाट. हळूहळू सगळे माझ्याकडे बघू लागले. चेत्तिना म्हणाली, “वेनेरा, कुणी ओरडलं गं?” मी म्हटलं, मी. म्हातारा शिवी देऊन पायजम्याची नाडी आवळू लागला. मग कुणीतरी हसलं, आणि सुटकेने सगळेच हसले. लिबोरिओ सगळ्यांत मोठ्याने हसला. चौकात गेलेली अब्रू त्याला तिथे थोडी परत मिळाली, कारण आता हसण्यासारखी मी होते.

“आधी शिंपले, मग भूकंप!” तो म्हणाला. “उद्या ही व्हेसुव्हियसचा ज्वालामुखी आणील सिराकूझात! अरे, माझा सॉस करपेल!”

आणि तो गेला, सॉसखालची शेगडी बंद करायला.

मी त्याला हाक मारली. तेव्हाही मला खरं बोलता आलं असतं. ‘छत येतंय’, एवढे दोन शब्द. सगळ्या गल्लीसमोर म्हणायला हवे होते. मी ‘लिबोरिओ, थांब’ म्हटलं. हसणाऱ्या माणसाला थांब म्हटल्याने काय होतं? त्याने न वळता हात हलवला.

आवाज फार मोठा नव्हता. ओलं पोतं उंचावरून टाकल्यासारखा. मग दारातून पांढरा लोट आला आणि गल्लीभर पसरला. आपलं घर उभंच राहिलं, फक्त मधोमध आत बसलं. तीन खांबांपैकी दोन अजून उभे आहेत म्हणतात. त्याला संध्याकाळी काढलं. एप्रन अंगावर होता. चेहऱ्याला काही झालं नव्हतं.

आता जे सांगायचं आहे ते हे.

गल्लीला वाटतं, मला आधी दिसलं. घर बसायच्या आधी सान्ता लुचियाने वेनेराच्या कानात सांगितलं, म्हणून अख्खी गल्ली बाहेर आली, म्हणून आणखी कुणी चिरडलं गेलं नाही. घर का बसलं, याचा विचार कुणी करत नाही. डिसेंबरच्या भेगा, आणखी काय? काल पहाटेपासून बाया दारात येताहेत. माझा हात घेऊन डोळ्यांना लावतात. चेत्तिनाने त्या थोबाडीत खाल्लेल्या नातवाला आणून माझ्यापुढे उभं केलं, डोक्यावर हात ठेव म्हणाली. मी ठेवला. पाद्रींनी येऊन सांगितलं, उद्याच्या प्रार्थनेत ते हा प्रसंग घेणार आहेत. भाऊ गेला, पण बहिणीच्या तोंडून संत बोलली, असं काहीतरी.

इलारियाने काल विचारलं, “आत्या, तुम्हाला कसं कळलं?” मी म्हटलं, “कळलं.”

तुला माहीत आहे मला कसं कळलं. मला फेब्रुवारीपासून कळत होतं. तू माणसं पाठवणार होतास. ती आली असती तर घराला कुलूप लागलं असतं, गल्ली चार दिवस आपल्यावर थुंकली असती आणि लिबोरिओ आज चेत्तिनाच्या ओट्यावर बसून तुला शिव्या देत असता. मी हात जोडून तुला थांबवलं. तुझी मुलगी मी वाचवली, हे खरं आहे. आपला भाऊ मी त्या छताखाली ठेवला, हेही खरं आहे. आणि तू माझ्या शब्दावर थांबलास, त्यामुळे ते तुझ्याही वाट्याला आलं. याबद्दल मला क्षमा करू नकोस, मी ती मागतही नाही.

उद्या तू त्याच्या शवपेटीजवळ उभा राहशील आणि पाद्री सान्ता लुचियाचं नाव घेतील. तुला जे बोलायचं ते तिथे बोल, सगळ्यांसमोर, माझ्यासमोर. मी मान खाली घालणार नाही. माझ्या तोंडातून ते निघत नाही, मी तीन दिवस प्रयत्न करते आहे. आणि तूही गप्प राहिलास, तर उद्यापासून कुणी आशीर्वाद मागायला आलं की मला हात पुढे करावा लागेल. लोक रांग लावतील, आणि मी देत राहीन.

वेनेरा